दगडांचा तास आवडला, आता बी.कॉम.चं काय करू?

ताई,

मी फोर्टातल्या एका कॉलेजात एस.वाय.बी.कॉम.ला आहे. राहते डोंबिवलीला. यंदा ओपन इलेक्टिव्हच्या, म्हणजे दुसऱ्या शाखेच्या निवडायच्या विषयांच्या, यादीत मला हवा होता तो विषय आधीच भरला होता, म्हणून उरलेल्यांतून भूशास्त्र घ्यावं लागलं. पहिल्याच आठवड्यात सरांनी टेबलावर दोन दगड ठेवले आणि दोन्हींवर सौम्य आम्लाचे थेंब टाकले. काळा दगड ढिम्म. पांढुरका मात्र फसफसला. तो पोरबंदरचा चुनखडीचा होता. पुढच्या तासाला त्यांनी आम्हाला रस्त्यावर नेलं आणि इमारती दाखवल्या. हा काळा बसाल्ट, हा पिवळसर मालाडचा, ही नक्षी पोरबंदरी दगडातली. मी रोज त्याच रस्त्याने जाते. कधी मान वर करून बघितलं नव्हतं.

तेव्हापासून आठवड्यातला तो एकच तास असा आहे, ज्याच्यासाठी मी ट्रेन चुकवत नाही. मला राहून राहून वाटतं, एवढा दगड फोर्टात आणला कसा असेल? भाडं किती पडलं असेल? पैसे कोणी दिले? घरी बोलले तर बाबा म्हणाले, "दगड बघून पोट भरत नाही, सीएचं बघ."

कॉमर्स सोडू का? की सर छान शिकवतात म्हणून मला असं वाटतंय? आणि अजून एक. बदलापूरहून माझ्याबरोबर येणारी मैत्रीण म्हणते, "तुला निदान एक तास तरी आवडतो, मला एकही आवडत नाही." तिला काय सांगू?

तुमची,
डोंबिवलीकर

प्रिय डोंबिवलीकर,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे जीव टांगणीला राहणार नाही. कॉमर्स सोडू नकोस. भूशास्त्रात बी.एस्सी. करायची तर बारावी विज्ञान शाखेतून झालेली लागते. तुझी कॉमर्समधून झाली आहे. म्हणजे बारावीचे विज्ञान विषय पुन्हा द्यायचे, मग पदवीचं पहिलं वर्ष नव्याने सुरू करायचं. ही वाट बंद आहे असं नाही, पण दोन क्रेडिटच्या एका विषयाच्या भरवशावर ती धरू नये. तुझी अर्धी पदवी झालीच आहे. ती पूर्ण कर.

एवढंच सांगायचं असतं तर दोन ओळींत भागलं असतं. पण तुझं पत्र पुन्हा वाचताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली, आणि माझ्या मते तुझ्या सगळ्या गोंधळाची किल्ली तीच आहे. तो दगड कसा तयार झाला, याबद्दल तू अवाक्षर काढलेलं नाहीस. लाव्हा नाही, सहा कोटी वर्षं नाहीत. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे, लाव्हा थिजून झालेले, उभे खांब सरांनी दाखवले असतील, निदान त्यांच्याबद्दल सांगितलं तरी असेल. वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात बेडकांचे जीवाश्म सापडले, त्यांचं वर्णन १८४७ साली प्रसिद्ध झालं, हेही बहुधा सांगितलं असेल. भूशास्त्राने झपाटलेल्या मुलीच्या पत्रात तो बेडूक आलाच असता. तुझ्या पत्रात काय आलं? आणला कसा, भाडं किती, पैसे कोणी दिले.

हे प्रश्न दगडाचे नाहीत, व्यवहाराचे आहेत. तुला दगड आवडला तो माणसांनी त्याचं काय केलं म्हणून. तास भूशास्त्राचा होता, पण त्या तासात तुला सापडला तो इतिहास, आणि त्यातही पैशांचा इतिहास. हे ओळखणं फार महत्त्वाचं आहे, कारण विषयाच्या नावावर भुलून माणूस भलत्याच दारात जाऊन उभा राहतो.

मी कॉलेजात शिकवत होते तेव्हा वर्षाच्या शेवटच्या तासाला मुलांना विचारायचे, यंदा कुठला तास सगळ्यात आवडला आणि का? विषयाचं नाव सगळे चटकन सांगायचे. 'का' म्हटलं की अडखळायचे, आणि अडखळून जे सांगायचे तेच खरं असायचं. एक मुलगा म्हणाला होता, अकाउंट्स. का? तर ताळेबंद दोन्ही बाजूंनी जुळला की डोकं शांत होतं, घरात दुसरं काहीच जुळत नाही. एका मुलीला मराठीचा तास आवडायचा, कारण त्या बाई कविता समजावून सांगण्याआधी नुसती मोठ्याने वाचायच्या आणि मग थोडा वेळ कोणीच बोलायचं नाही. दिवसभरात तिच्या वाट्याला येणारी शांतता तेवढीच, कारण घरी एका खोलीत सहाजण. एकाला स्टॅटिस्टिक्स आवडायचं ते क्रिकेटमुळे. सरासरी फसवी असते हे त्याला फलंदाजांच्या आकड्यांवरून कळलं होतं, आणि ते वर्गात सूत्रासकट सिद्ध झालं तेव्हा त्याला कोण आनंद झाला. रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल आवडणारे तर ढीगभर भेटले. त्यातल्या बऱ्याच जणांना रसायनशास्त्राशी फारसं देणंघेणं नव्हतं. उभं राहून हातांनी काहीतरी करायला मिळतं आणि शेजारच्याशी बोललं तरी कोणी ओरडत नाही, हे त्यांना आवडायचं. यातली एकही आवड मी खोटी म्हणणार नाही. पण प्रॅक्टिकल आवडणाऱ्या त्या प्रत्येकाने एम.एस्सी. केमिस्ट्री करावं, असंही कोणाला सांगणार नाही.

आता सरांचं. हो, सर छान शिकवतात म्हणूनही तुला आवडतंय. त्यात कमीपणा काय आहे? ज्याला विषयाचं खरं वेड आहे तोच माणूस मुलांना भर उन्हात रस्त्यावर नेऊन भिंती दाखवतो. चांगल्या शिक्षकामुळे लागलेली आवड कमअस्सल असते, असं मी कधीच मानलं नाही. प्रश्न एवढाच, की सर नसताना ती टिकते का? याचं उत्तर तुझ्या पत्रात थोडंसं आलं आहे. भाड्याचा प्रश्न सरांनी विचारलेला नाही, तुझा तुला पडला आहे.

मात्र एक इशारा देते, तोही प्रेमानेच. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेचं असतं आणि दोन क्रेडिटचं, म्हणजे सगळे मिळून तीस तास. त्यात सगळे एकाच पायरीवर असतात. शेजारची पुढे गेली आणि आपण मागे राहिलो, ही धाकधूक नसते. एटीकेटीची, म्हणजे विषय राहून पुढच्या वर्गात जाण्याची, भीती कमी, क्लासवाले नाहीत, नातेवाईक मार्क विचारत नाहीत. अशा तासाला मन मोकळं होतंच. उद्या हाच तुझा मुख्य विषय झाला, सहा पेपर आले, इंटर्नल आणि सबमिशन आलं, तर हे मोकळेपण कितपत उरेल, हे तुला आज सांगता येणार नाही. मलाही नाही. त्यासाठी ते काम थोडं करूनच बघावं लागतं.

तर करून बघ. राजाबाई टॉवर घे, विद्यापीठाचा घड्याळाचा मनोरा. तुझ्या कॉलेजपासून चालत जाण्यासारखा आहे, आणि बी.कॉम.च्या मुलीने तर आधी तोच घ्यावा. त्याची हकिगत थोडक्यात सांगते.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. गिरण्यांना कापूस तर हवा होता. मग मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात एवढा पैसा ओतला गेला की रोज नव्या कंपन्या निघू लागल्या. बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या, आणि लोक कागद न वाचता शेअर घेऊ लागले. या तेजीचा बादशहा होता दलाल प्रेमचंद रायचंद. त्यांनी विद्यापीठाला मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले आणि मनोऱ्याला आईचं, राजाबाईंचं, नाव दिलं. १८६५ मध्ये युद्ध संपलं. कापसाचे भाव कोसळले, शेअर रद्दीच्या भावाला आले, भलेभले धुळीला मिळाले. खुद्द प्रेमचंदांनाही जबर फटका बसला. बँक ऑफ बॉम्बे पुढे बुडाली. पण मनोरा उभा राहिला. १८६९ साली काम सुरू झालं, १८७८ साली पूर्ण झालं. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. ते मुंबईत कधी आलेच नाहीत, लंडनमध्ये बसून नकाशे काढले. दगड मात्र इथला, कुर्ल्याचा, आणि कोरीवकामासाठी तुझा तो फसफसणारा पोरबंदरी. उंची ८५ मीटर. ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारतींना २०१८ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात हा मनोराही आला.

सट्टा म्हणजे काय, शेअरची दर्शनी किंमत आणि बाजारभाव यांत फरक का पडतो, तारण कमी असताना बँकेने कर्ज दिलं तर काय होतं, हे सगळं तू अभ्यासलं आहेस. शेअर दलालांनी १८७५ साली मुंबईत आपली संघटना उभी केली, जिचा पुढे बॉम्बे स्टॉक एक्स्चेंज झाला. तिच्या संस्थापकांतही प्रेमचंद रायचंद होते. म्हणजे ज्या माणसाच्या पैशातून तुझा दगड चढला, त्याचं नाव तुझ्या वाणिज्य शाखेच्या पुस्तकातही सापडायला हवं. भूशास्त्राचा विद्यार्थी त्या भिंतीपाशी दगडाचे कण भिंगातून बघेल. इतिहासाचा विद्यार्थी प्रेमचंदांचं चरित्र वाचेल. पण कामाचा अंदाजखर्च, कंत्राट, बिलं, हप्ते आणि वाढलेला खर्च हे कागद समोर ठेवले तर ते समजून घ्यायला तुझ्यासारखी मुलगी जास्त कामाची, आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

म्हणून तुझ्यापुढे एकच प्रश्न ठेव: राजाबाई टॉवरचा दगड खाणीतून ओव्हलपर्यंत कसा आला आणि त्याचा खर्च किती झाला? बोरीबंदर ते ठाणे रेल्वे १८५३ साली सुरू झाली आणि कुर्ला त्याच मार्गावर आहे. मग दगड रेल्वेने आला, बैलगाडीने आला, की खाडीतून होडीने? मी उत्तर देत नाही, तू शोध. आधी कॉलेजच्या लायब्ररीत मुंबईचे जुने गॅझेटियर, म्हणजे शहराच्या माहितीचे सरकारी ग्रंथ, आहेत का विचार. ते छापील आहेत, वाचायला सोपे. मग एशियाटिक सोसायटी. टाऊन हॉलच्या त्या उंच पायऱ्या तू बघितल्याच असशील. आणि त्यानंतर काळाघोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतला राज्य पुराभिलेख, जिथे जुन्या सरकारी खात्यांच्या फायली जपून ठेवल्या आहेत. तिथे उगाच चक्कर म्हणून जाता येत नाही. कॉलेजचं पत्र आणि ओळखपत्र घेऊन जायचं, काय हवंय ते नेमकं लिहून द्यायचं. पत्रासाठी भूशास्त्राच्या सरांकडे जा आणि त्यांनाच विचार की इतिहास विभागातलं कोण मदत करेल. प्रश्न घेऊन आलेल्या मुलीला परत पाठवणारे शिक्षक मी फार कमी बघितले आहेत.

आता तिथे काय होईल ते सांगते. सूची चाळण्यात सकाळ जाईल. फाईल मागवलीस की ती येईपर्यंत बसून राहावं लागेल. आली की कारकुनांचं वळणदार इंग्रजी हस्ताक्षर डोळ्यांत पाणी आणेल. पानं ठिसूळ, हात काळे, आणि एवढं करून दिवसभरात उपयोगाचं एखादंच पान मिळालं तर मिळालं. सर नाहीत, भिंग नाही, फसफसणारे थेंब नाहीत. हा त्या कामाचा रोजचा चेहरा आहे. त्या एका पानासाठी पुन्हा जावंसं वाटलं, तर समज की ही आवड तुझी स्वतःची आहे. कंटाळून तिसऱ्या फायलीतच उठलीस, तरी काही बिघडलं नाही. मग तो तास आयुष्यभर पुरणारा आनंद म्हणून ठेव. फोर्टातून जाताना मान वर करून बघायला येणं हीसुद्धा मोठी मिळकत आहे. तिच्यावर नोकरी उभी राहिलीच पाहिजे असा हट्ट धरू नये.

समज, आवड टिकली. तर तुझ्यासाठी वाटा आहेत, आणि त्या बी.कॉम.नंतरच्या आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाच्या एम.ए.ला कुठल्याही शाखेच्या पदवीधराला अर्ज करता येतो. मुंबईत सेंट झेवियर्समध्ये आणि पार्ल्याच्या साठ्ये कॉलेजात प्राचीन भारतीय संस्कृती शिकवली जाते. विद्यापीठाच्या कलिना संकुलातही पुरातत्त्वाचे अभ्यासक्रम चालतात. इतिहासाचं एम.ए. आहेच. पात्रतेचे नियम त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघून घे, दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नकोस. आणि एक खरं ते सांगून ठेवते, की या क्षेत्रात नोकऱ्या मोजक्याच आहेत. संग्रहालयं, पुराभिलेख, वारसा इमारतींची डागडुजी करणाऱ्या वास्तुविशारदांची कार्यालयं, कॉलेजात शिकवणं. जागा निघायला वेळ लागतो, सुरुवातीचा पगार बेताचा असतो.

म्हणून बाबांच्या बोलण्याचा राग धरू नकोस. ते 'दगड' म्हणाले ते तुझ्या आवडीला नाही, पोटाच्या काळजीपोटी म्हणाले. त्यांच्याशी 'मला आवडतं' या शब्दांनी भांडलीस तर तू हरशील, कारण आवडीला त्यांच्याकडे एकच उत्तर आहे आणि ते तू ऐकलंच आहेस. त्यापेक्षा सांग, की बी.कॉम. पूर्ण करणार आहे, सीएचाही नीट विचार करते आहे, आणि सुट्टीत हे एक काम करून बघणार आहे. सीएची आर्टिकलशिप, म्हणजे प्रत्यक्ष कामाची उमेदवारी, आता दोन वर्षांची झाली आहे. ती वाट धरलीस तरी दगडांशी नातं तुटत नाही. वारसा इमारतींचे विश्वस्त निधी असतात, त्यांची हिशेबतपासणी होते, दुरुस्तीची अंदाजपत्रकं आणि निविदा निघतात. मालाडचा दगड आणि कुर्ल्याचा दगड यांत फरक काय, हे ठाऊक असलेली हिशेबनीस त्या टेबलाशी बसली तर इमारतीचं भलंच होईल. बाबांना वेळ असेल तेव्हा एकदा फोर्टात घेऊन जा आणि प्रेमचंद रायचंदांची हकिगत सांग. कापूस, शेअर, बुडालेली बँक. मुलगी ज्याला दगड म्हणते ते पैशांचंच प्रकरण आहे, हे त्यांच्या ध्यानात येईल.

राहिली तुझी मैत्रीण. तिला काही सांगू नकोस, आधी विचार. बदलापूरहून सकाळच्या पहिल्या लेक्चरला पोचायचं म्हणजे ती उठते कधी? डोंबिवलीला तुला निदान काही गाड्या मिळतात. तिच्या बाजूच्या गाड्या कमी, आणि कर्जत लोकलमध्ये दाराशी उभं राहून आलेल्या मुलीला कुठल्याही तासाला डुलकी लागणारच. संध्याकाळी ती कुठे काम करते का? घरी लहान भावंडं आहेत का? 'एकही तास आवडत नाही' म्हणणारी कितीतरी मुलं मी बघितली आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांची तक्रार विषयांविषयी नव्हतीच. त्यांची झोप होत नव्हती, नाहीतर फीच्या हप्त्याची तारीख डोक्यात घोळत होती.

तसं असेल तर तिला आवडीनिवडीचं बोलून अजून दमवू नकोस. कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजना आहे का, ते दोघी मिळून कार्यालयात विचारा. लायब्ररीत किंवा ऑफिसात काही तासांचं काम आणि त्याचे पैसे मिळतात, म्हणजे संध्याकाळची बाहेरची नोकरी सुटू शकते. हजेरीची अडचण असेल तर वर्गशिक्षकांना आत्ताच भेटून सांगा, परीक्षेच्या तोंडावर नको. आणि झोप झालेली असेल अशा एखाद्या दिवशी, सरांना आधी विचारून, तिला तुझ्याबरोबर दगडांच्या तासाला बसव.